दगडाखालचा कोळसा

राज्य महामार्ग रुंद होणार म्हटलं की रस्त्याकडेचे दुकानदार आपापल्या पायऱ्या मोजायला लागतात, आणि गंमत अशी की रुंदीकरणासाठी अर्ज करणारेही बहुतेक वेळा तेच असतात. या उपनगरातल्या बाजारातही असंच झालं. गाड्या कोंडतात, रुग्णवाहिका अडकते, म्हणून सगळ्यांनी मिळून तीनदा निवेदनं दिली होती. चौथ्या खेपेला कुणीतरी ऐकलं. नोटीस लागली, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य आलं: रस्ता मोठा व्हायलाच हवा, फक्त समोरच्या बाजूने.

वळणावरचा रंगवाला हे वाक्य जरा जास्तच जोरात म्हणत होता. त्याचं दुकान बाजारातलं नावाजलेलं. गिऱ्हाइकाने उशीच्या अभ्र्याची चिंधी आणून दाखवावी, आणि याने यंत्रावर छटा मिसळून हुबेहूब तोच रंग डब्यात काढून द्यावा. ते यंत्र त्याने दुकानाच्या दर्शनी भागात, काचेमागे ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. आणि नेमका तोच दर्शनी भाग, खरं सांगायचं तर, त्याचा नव्हताच.

झालं होतं असं. आठ वर्षांपूर्वी त्याने दुकान पाच फूट पुढे काढलं. तेव्हा त्याच्या पायरीला लागून महामार्गाच्या हद्दीचा दगड होता, गुडघाभर उंच, त्यावर काळ्या रंगात आकडा. दुकान पुढे आलं तसा दगड आडवा आला. गवंड्याने विचारलं, याचं काय करू? रंगवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, उपट आणि पुढे रोव. गवंड्याने रोवला. पूर्वी दगड पायरीला लागून होता, नंतरही पायरीला लागूनच राहिला, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं जिथल्या तिथे वाटे. उलट बाजारात तर बऱ्याच जणांनी आपापले दगड फोडून पायऱ्यांतच वापरले होते. त्या मानाने आपण निदान दगड जपला, अशी रंगवाल्याने स्वतःची समजूत घातली होती. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्याइतका हुशार वकील दुसरा नाही.

पण एक माणूस असा होता ज्याला हे कळून चालणार नव्हतं. तो म्हणजे त्याचा बाप.

म्हाताऱ्याला सगळे मुकादम म्हणत. चौतीस वर्षं तो याच महामार्गाच्या देखभालीच्या टोळीवर होता, त्यातली वीस टोळीचा मुकादम म्हणून. हद्दीचे दगड त्याच्याच हातचे. दुकान पुढे आलं तेव्हा तो डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे होता. तीन महिन्यांनी परतला तेव्हा नजर अधू झाली होती. तरी काठीने चाचपत म्हणाला होता की साइडपट्टी अरुंद वाटते रे. त्यावर पोराने सांगितलं, बाबा, डांबर वाढवलंय. म्हाताऱ्याने पोरावर विश्वास ठेवला. ठेवणारच की, पोटचा पोर.

मोजणीच्या दिवशी अभियंता बाई आली. वय तिशीच्या आतलं, डोक्यावर टोपी, बरोबर दोन माणसं आणि तिपाईवरचं यंत्र. मुकादमाने दुकानातली आपली खुर्ची उचलून बाहेर मांडायला लावली. निवृत्त झाल्यापासून कुणी त्याला रस्त्याबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि ही पोरगी तर वही काढून पुढ्यात बसली. जुने कागद कसरीने खाल्लेत, तुम्हीच सांगा, म्हणाली. मग काय विचारता, म्हाताऱ्याला बोलायला तोंड पुरेना.

त्याने सांगितलं की मुळात ही बैलगाड्यांची वाट होती, नदीच्या उतारापासून टेकडीच्या खिंडीपर्यंत. मग खडी पडली. खडी फोडणाऱ्या बायका ओळीने बसायच्या आणि डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून कपाळावरून पातळ फडकं ओढून घ्यायच्या. त्यातलीच एक रंगवाल्याची आई. मग डांबर आलं. तेव्हा इथे विटांच्या भट्ट्या होत्या आणि बाकी सगळं गवत. आधी कामगारांची वसाहत झाली, मग शाळा, मग शाळेसमोर वह्यांचं दुकान, मग चार मजली इमारती, आणि बघता बघता शहरच रस्त्याला येऊन चिकटलं. लोक म्हणतात शहर वाढलं म्हणून रस्ता आला. उलट आहे बाई, रस्ता होता म्हणून शहर आलं.

बाईने विचारलं की इथे हे वळण कशाला. बाजारात यावर एक जुना विनोद होता, की आखणाऱ्याने त्या दिवशी चढवली असणार. मुकादम हसला. म्हणाला, आखणी सरळच होती. पण खाली पाणथळ जमीन निघाली आणि रोलर पोटापर्यंत रुतला. नऊ दिवस ओढत होतो. शेवटी साहेब म्हणाले, जमीन नाही म्हणतेय तर आपण वळू. म्हणून महामार्ग वळला. इतका मोठा रस्ता, पण त्याने हट्ट केला नाही.

बाई लिहून घेत होती, तिची माणसंही काम सोडून ऐकत होती, आणि रंगवालासुद्धा डबे पुसता पुसता थांबला होता. एवढं सगळं बापाने त्याला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, त्याने ऐकलं नव्हतं.

मग मोजणी सुरू झाली. या सबंध टप्प्यात जुना दगड एकच उरला होता, रंगवाल्याच्या पायरीशी. बाईने तोच धरला, तिथून महामार्गाची पूर्ण रुंदी समोर मोजली, आणि तिच्या माणसाने समोरच्या बाजूला चुन्याची रेघ ओढली. रेघ गेली थेट शिलाईवाल्या काकूंच्या खोलीतून.

काकूंची एकच खोली, दहा फूट खोल. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, भिंतीला शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. नवरा गेल्यापासून त्यावरच घर चाललेलं. बाई हळू आवाजात म्हणाली की काकू, तुमची खोली पाच फूट रस्त्यावर आली आहे, तेवढी पाडावी लागेल. काकूंना आधी कळेचना. मग त्यांनी कागद आणून दाखवले. कागदावर एवढंच लिहिलेलं, की जागेची सीमा महामार्गाच्या हद्दीपर्यंत. आणि हद्द कुठे, ते दगड सांगणार.

बाजारातल्या दोघा-चौघांनी माना हलवल्या. बघा, दिसते साधी, पण पाच फूट दाबली की नाही! हे म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या पायऱ्या गटारावर होत्या, ते सोडा. काकूंनी पायाखालची मशीन थांबवली आणि गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

रंगवाल्याला वाटलं, आत्ता बोलावं. बोललो तर यंत्र जाणार, दर्शनी भाग जाणार, बाजारात नाक कापलं जाणार. हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण बापाच्या हातचा दगड मीच उपटला, हे बापाच्या तोंडावर कसं सांगायचं?

मुकादम मात्र काठी टेकत रस्ता ओलांडून गेला. काकूंच्या उंबऱ्याला हात लावला, परत आला आणि खुर्चीत बसला. मग म्हणाला, "बाई, या खोलीचा पाया खणला तेव्हा मी दोरी धरली होती. ही खोली काकूंच्या हद्दीच्या आत आहे. आणि माझा दगडही चुकणार नाही. दोन्ही खरं कसं असेल?"

बाई म्हणाली की पुरावा काय. तेव्हा म्हाताऱ्याने आपल्या कामातली एक रीत सांगितली. दगड रोवताना त्याची टोळी खड्ड्यात आधी ओंजळभर कोळसा आणि फुटक्या कौलांचे तुकडे पुरायची. दगड कुणी चोरेल, फोडेल, हलवेल. कोळसा कुजत नाही आणि कुणाच्या कामाचाही नाही, म्हणून तो जागचा हलत नाही. उद्या दहा वाजता दगडाखाली खणा. कोळसा निघाला तर तेव्हा माझीच दोरी चुकली, मी काकूंची माफी मागेन. नाही निघाला तर दगड कुणीतरी हलवलाय. बाईने मान्य केलं.

कोळशाची गोष्ट रंगवाल्याला ठाऊकच नव्हती.

संध्याकाळी जेवताना त्याने भात नुसता चिवडला. बायकोने ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दुकान वाढवलं तेव्हा तीही होतीच. ती एवढंच म्हणाली, "माझ्या भाचीचा गणवेश काकूंनीच शिवलाय. उद्या मी त्यांच्यासमोर उभी राहू शकणार नाही." आणि ताट उचलून आत गेली.

सकाळी तो बापाच्या खोलीत गेला. मुकादम आरशासमोर बसला होता, कामावरचा जुना खाकी सदरा घालून. सदरा अंगावर लोंबत होता, पण इस्त्री कडक. चाचपत वरचं बटण लावत होता, ते लागत नव्हतं. रंगवाल्याने पुढे होऊन बटण लावलं आणि तसंच, बटणावर हात ठेवून, सगळं सांगून टाकलं. गवंडी, दगड, डांबर वाढवल्याची थाप, काही ठेवलं नाही. बोलता बोलता तो लहान पोरासारखा रडला.

मुकादमाने विचारलं, "सरळ पुढे सरकवलास की तिरका?"

"सरळ. पाच फूट."

"बरं." म्हाताऱ्याने काठी हाताशी ओढली. रंगवाल्याने कसंबसं म्हटलं की बाबा, बाजारात सगळेच करतात.

तेव्हा मात्र म्हाताऱ्याचा आवाज चढला. "सगळे करतात म्हणून तर रुग्णवाहिका अडकते! अरे, तू पाच फूट सरकारचे घेतलेस असं तुला वाटतं. सरकार कुठे चालतं रस्त्याने? चालतात माणसं. रस्ता आखताना आम्ही त्या दिवसाच्या दोन गाड्या मोजल्या नाहीत, पुढे जन्माला येणाऱ्यांसाठी जागा सोडली. तुझ्या आईने त्या जागेवर खडी फोडली. आणि तुझ्या पाच फुटांचं खापर आज कुणाच्या डोक्यावर फुटतंय? जिने एक वीत घेतली नाही तिच्या!"

रंगवाला तिथून थेट दुकानात गेला, बायकोच्या मदतीने छटांचं यंत्र बाजूला ओढलं, आणि पहार घेऊन स्वतःच्या चकचकीत फरशीवर पहिला घाव घातला.

दहा वाजता अभियंता बाई आली तेव्हा बाजार दुकानापुढे जमला होता. पायरीशी असलेल्या दगडाकडे ती वळली तशी रंगवाला म्हणाला, "तिथे नका खणू. तिथे काही नाही. दगड मी हलवलाय, त्याची जागा इथे आहे, माझ्या दुकानात." समोरच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत, त्याने हात जोडले.

फरशीखाली मुरूम निघाला, मुरुमाखाली काळी माती, आणि हातभर खोलीवर कौलांचे लाल तुकडे. त्यांच्याखाली कोळसा, काल पुरल्यासारखा काळाकुळकुळीत. चाळीस वर्षांपूर्वी, कुणी बघत नसताना, महिन्याच्या मजुरीवरच्या माणसांनी किती नेकीने काम केलं होतं! बाई खड्ड्याशी गुडघे टेकून बसली. गर्दीतल्या, काल माना हलवणाऱ्या दोघांनी हळूच आपापल्या पायऱ्यांकडे पाहिलं. त्यातल्या एकाने दुपारी गवंडी बोलावला, आणि पाडायला सांगितलं.

काकूंच्या खोलीतली चुन्याची रेघ पुसली गेली. काकूंनी लगेच माफ करावं, अशी अपेक्षा रंगवाल्याने ठेवली नाही. त्या आत गेल्या, टेप गळ्यात घातली, आणि मशीन सुरू झाली.

आता राहिला पंचनामा. हद्दीची जागा नक्की झाली, हे लिहून खाली साक्षीदाराची सही हवी होती. बाईने अदबीने कागद आणि पेन मुकादमापुढे धरलं. तिच्या मते तो मान त्याचाच होता, आणि बाजारालाही तसंच वाटत होतं. म्हाताऱ्याने कागदावरून हात फिरवला आणि पोराची बाही धरून त्याला पुढे ओढलं.

"सही याची घ्या," तो म्हणाला. "दगड कुठे होता हे मी जुन्या आठवणीने सांगतोय. यानं स्वतःचं दुकान खणून दाखवलंय. याच्यापेक्षा खरा साक्षीदार तुम्हाला कुठे मिळणार?"

रंगवाल्याने सही केली. सही करताना बापाचा हात त्याच्या पाठीवर होता.

मंडळी, रस्ता सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, असं आपण धरून चालतो आणि एकेक पायरी पुढे टाकत जातो. पण आपण पुढे टाकलेली प्रत्येक पायरी समोरच्या कुणाच्या तरी खोलीतून जाते. ती मागे घ्यायला सरकारची नोटीस लागत नाही. चूक झाली असेल तर ती आपल्या तोंडाने सांगायची, आणि पहार दुसऱ्याच्या हाती देण्याआधी आपण उचलायची.