लेखाची मूळ प्रत

"सर, तुमचा सत्त्याण्णव सालचा लेख मी माझ्या प्रबंधात घेतलाय," फोनवरची मुलगी म्हणाली आणि मधुकर तेंडोलकर खुर्चीत जरा सरळ बसले.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मुलुंडच्या त्या घरी फोन यायचे ते बँकेचे, नाहीतर पाणी येणार नाही असं सांगणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीचे. 'सर' म्हणून सुरू होणारा फोन म्हणजे सणच.

मुलीचं नाव दीप्ती घाडी. राहायला दहिसरला, अंधेरीच्या एका कॉलेजातून एम.एड. करत होती. घरी मालवणी बोलणारी मुलं पहिलीत मराठी वाचायला कशी शिकतात, हा विषय. सरांचा नंबर तिने त्यांच्या जुन्या शाळेतून काढला होता.

"कुठला लेख म्हणालीस?"

"'पहिलीच्या वर्गातलं मालवणी मूल'. 'बालपाटी' त्रैमासिकातला. तो कुठेच मिळत नाहीये, सर. आणि आमच्या गाईड सुलक्षणा मॅडम म्हणतात, मूळ प्रत दाखवल्याशिवाय सही करणार नाही. सही नाही तर यंदा सबमिशन नाही, वर्ष गेलं माझं. तुमच्याकडे एखादी कॉपी असेल ना?"

असा लेख मधुकररावांनी लिहिला नव्हता. लिहायचा होता, हे मात्र खरं. चित्रातला आंबा बघून मूल 'आंबो' म्हणतं आणि बाई फुली मारतात, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं. यावर एकदा लिहिणार आहे, असं ते बायकोला सांगत. उत्तराबाईंनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की घड्याळाच्या टिकटिकीसारखं ते त्यांना ऐकूच येईनासं झालं होतं. लेखाचं नावही असं, की मधुकररावांनी हेच दिलं असतं.

नाही म्हणायला एकच शब्द लागतो. पण फुशारकीत उधळा असलेला माणूस अशा शब्दाच्या बाबतीत फार काटकसरी असतो.

"बघावं लागेल गं," ते म्हणाले. "माळ्यावर असेल कुठेतरी. ते त्रैमासिकही नंतर बंद पडलं ना."

त्रैमासिक बंद पडल्याची बातमी त्यांनी स्वतःही तेव्हाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या मंडळींना कळलं, की तेंडोलकरांना अंधेरीत संदर्भ म्हणून घेतात. संध्याकाळपर्यंत जावयालाही कळलं. एवढे लोक खूश झाल्यावर लेख नसणं मधुकररावांना शोभण्यासारखं राहिलं नाही. ते लिहायला बसले.

"माळ्यावर शोधताय ना?" उत्तराबाईंनी विचारलं. "मग टेबलावर काय चाललंय?"

"आठवतोय."

गंमत अशी, की लेख चांगला होत होता. 'आंबो' म्हणणारा मुलगा त्यात आला. 'माका भायर जावचा हा' असं सांगणारी, आणि नीट मराठीत सांग म्हटल्यावर बाकावरच ओली झालेली मुलगी आली. नोकरीत साठलेलं सगळं आलं. खोटं काय ते फक्त साल होतं.

मग ते स्टेशनजवळच्या टायपिंगवालीकडे गेले. अक्षर जरा जुनाट निवड, म्हणाले. छापलेल्या पानांची झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही आणखी एक. अक्षरांना काजळी धरली, कडेला काळी पट्टी आली. घरी येऊन पानं दुमडून उघडली, पुन्हा दुमडली. दुपारच्या चहाआधी सत्त्याण्णव साल तयार झालं.

उत्तराबाईंनी पहिलं पान उचलून उजेडात धरलं. "अहो, ह्यां तुमी कदी लिवलात?"

ठेवणीतली मालवणी त्या फक्त माणूस पकडायचा असला की काढत.

"त्या पोरीचं वर्ष वाचतंय, उत्तरा. कुणाला कळणार आहे?"

"तिचं वर्ष वाचतंय की तुमचं नाव वाढतंय?" त्यांनी पान जागेवर ठेवलं आणि भाजी निवडायला घेतली. पुढे बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मधुकररावांना भांडता तरी आलं असतं.

रविवारी दीप्ती आली. आईने केलेल्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा तिने उत्तराबाईंच्या हातात दिला आणि पानं घेऊन तिथेच वाचायला बसली. ओल्या झालेल्या मुलीपाशी आल्यावर थांबली.

"सर, ही माझी आई आहे," ती म्हणाली. "म्हणजे तिचंही असंच झालं होतं. त्यानंतर गेलीच नाही ती शाळेत."

मधुकररावांनी मान हलवली.

"एक सांगू, सर? रागावू नका हां." दीप्तीने पानं मांडीवर ठेवली. "संदर्भांची यादी मी शोधलीच नव्हती. दिवसभर शाळेत शिकवते, लायब्ररीत जाणार कधी? एआयला विचारलं. त्याने तेरा लेख दिले, लेखकाची शाळा, वर्ष-बिर्ष, पान नंबर, सगळं झकास. सारांशही दिले. त्या सारांशांवर प्रकरण लिहून मोकळी झाले. मग मॅडमनी प्रती मागितल्या. शोधायला गेले तर माणूस आहे, लेख नाही. मासिक आहे, तो अंक नाही. तुमचा सोडून बाराच्या बारा खोटे, सर. वाट लागली माझी. ते काढून खरे शोधले कसेतरी. पण तिसरं प्रकरण अख्खं तुमच्या लेखावर उभं आहे."

"हं."

"तुमचा नंबर लावून दोनदा कट केला मी. वाटलं, तुम्हीपण म्हणणार, असा लेखच नाही बाई. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, माळ्यावर असेल. फोन ठेवला आणि रडले मी. म्हटलं, एक तरी माणूस खरा निघाला."

उत्तराबाई वड्या बशीत काढत होत्या. त्यांचा हात थांबला. नवऱ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही, एवढी दया केली.

मधुकररावांना आपली पावलं, चप्पल, पोटावरचं बटण, सगळं एकदम दिसायला लागलं. समोरच्या मुलीने स्वतःची चोरी उघड केली होती आणि वर त्यांना साव ठरवून बसली होती.

"तेरावाही नाही," ते म्हणाले.

"काय?"

"तो लेख नाही. हे मी तुझ्या फोननंतर लिहिलंय. झेरॉक्स काढून काढून जुनं केलं."

दीप्तीने पान उलटंसुलटं करून पाहिलं. चेहरा आधी पडला. मग हळूहळू हिशेब मांडताना होतो तसा झाला.

"सर, मग राहू दे ना असंच," ती खालच्या आवाजात म्हणाली. "लिहिलंय तर छानच. आणि कुणाला कळणार आहे?"

घरात हे वाक्य मधुकररावांनी स्वतःच म्हटलं होतं, तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. आता समोर बसलेली शिक्षिका त्यांच्याकडून तेवढंच शिकून निघाली होती. त्यांचे कान तापले.

"मॅडमना फोन लाव. मी बोलतो."

"नको ना, सर. फाडून खातील मला."

"लाव."

तिने स्पीकरवर लावला. सरांचं नाव ऐकताच पलीकडे आनंद झाला.

"अरे वा, नमस्कार तेंडोलकर सर. दीप्तीला म्हटलं होतं मी, प्रत आण म्हणून, नियम तो नियम. पण तुमचा लेख मी बी.एड.ला असतानाच वाचलाय. फार सुंदर मांडणी. तेव्हा चांगलीच चर्चा झाली होती त्याची."

लेखाला लेखक होता, प्रत होती, आता वाचकही मिळाला होता. नुसतं 'आभारी आहे' म्हटलं असतं तरी भागणार होतं. दीप्ती त्यांच्याकडे डोळ्यांनी तेवढंच मागत होती.

"मॅडम," मधुकरराव म्हणाले, "असा लेख मी कधी लिहिला नाही. यादी यंत्राने दिली, ही तिची चूक. प्रत मी बनवली, ती माझी. तिच्याहून मोठी."

पलीकडून पंख्याचा आवाज येत राहिला.

"मग मी वाचलेला दुसऱ्या कुणाचा असेल," मॅडम म्हणाल्या. आवाजातला नमस्कार निघून गेला होता. "दीप्तीला द्या."

दीप्तीने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि खिडकीपाशी गेली. "हो मॅडम," एवढंच ती म्हणत राहिली. परत आली तेव्हा नाक लाल झालं होतं.

"तिसरं प्रकरण काढायचं. पुन्हा लिहायचं, माझ्या वर्गातल्या मुलांचं वाचन बघून. पुढच्या वर्षी सबमिशन." ती पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधायला लागली. "तुम्ही गप्प बसला असतात तर झालं असतं, सर. त्या वाचलाय म्हणत होत्या."

"हो," मधुकरराव म्हणाले. "झालं असतं."

तिने लेखाची पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. नेऊ का, असं विचारलं नाही, आणि ने म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

"वडी खा गं एक, उपाशी जाऊ नको," उत्तराबाई म्हणाल्या.

"नको काकू."

दाराकडे जाता जाता दीप्ती सवयीने वळली, ओढणी सावरत नमस्कारासाठी वाकली. मधुकररावांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.