कुंडीतली माती

मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. पळायचा बूट. माझा जोडीदार डावा इथेच हातभर अंतरावर बसलेला असतो. सध्या माझ्या पोटात माती आहे आणि मातीत सदाफुली. बुटाला फुलं कशी आली हे ऐकायचं असेल तर मित्रांनो, जरा बसा. मला घाई नाही, मी आता कुठे जात नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा वास इतका उग्र, की नव्या कामगाराचं डोकं पहिला आठवडा ठणकत असे. एका बाईने माझं अंग शिवलं, दुसरीने मला साच्यावर चढवलं, एका माणसाने खालून सोल दाबून बसवला. शेवटी एकीने मला वाकवून पाहिलं आणि डाव्याबरोबर खोक्यात घातलं. आमचं लग्न असं परस्पर लागलं, पसंती कोणी विचारली नाही. तरी संसार नीट झाला.

दुकानात मला मालक मिळाला. त्याचं काम मोठाले वजनकाटे तपासण्याचं. गोदामातले, गिरणीतले, ट्रक चढतात ते जमिनीतले काटेसुद्धा. त्याची बायको रोपवाटिका चालवत होती. खरेदीला तीही आली होती. तिने माझ्या नाकावर अंगठा दाबून आत बोटाला जागा आहे का ते पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हेच घे. आणि आता कारणं संपली."

दोघं रोज सकाळी कालव्याच्या रस्त्याने पळायची. ती पुढे, तो दोन पावलं मागे. पळताना तो काट्यांच्या गोष्टी सांगे, ती "दम वाचव" म्हणे. मी तेव्हा धुळीने माखलेला असे, आणि खरं सांगतो, माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस आले नाहीत.

मग मालकाला बढती मिळाली. आता महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. बसगाड्या, लॉज, उशिरा जेवण, सकाळी कोणाच्या तरी गोदामात हजेरी. आमची रवानगी कपाटाखाली झाली. तिथे चार वर्षं काढली. एक पाल माझ्यात राहायला होती. तिने भाडं दिलं नाही, पण सोबत झाली.

एके दिवशी एका गिरणीची लिफ्ट बंद होती. मालक तीन मजले चढला आणि वरच्या पायरीवर घाम पुसत बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, "हृदय अजून ठीक आहे. पण हलायला लागा." मालक अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते, हातात वर्तमानपत्र तसंच होतं. हा हिशेब घरात कोणी बोलून दाखवला नाही. मालकिणीने फक्त आम्हाला कपाटाखालून ओढून काढलं, पालीला वाट दाखवली, आणि नवऱ्याच्या बॅगेत शर्टांच्या खाली कोंबलं.

"जागा खातात ते," मालक म्हणाला.

"खाऊ देत. एक शर्ट कमी ने."

पहिल्या गावी तो खरंच पळाला, म्हणजे लॉजच्या फाटकापासून गल्लीच्या टोकापर्यंत, मोजून दोनशे पावलं. तिथे बसथांब्यावर दहा-बारा माणसं उभी होती. मालक गुडघ्यांवर हात टेकून वाकला तो बराच वेळ सरळ होईना. एका आजोबांनी त्याला पाणी देऊ केलं. दयाच ती, पण मालकाच्या जिव्हारी लागली. तो खाली मान घालून परत फिरला, आम्हाला पलंगाखाली सरकवलं आणि नंतरचे तीन दिवस आमच्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या सात महिन्यांत मी अकरा गावं पाहिली, सगळी पलंगाखालून. मित्रांनो, पलंगाखालून सगळी गावं सारखीच दिसतात. थोडी धूळ, एखादं हरवलेलं बटण, पाहुण्याने टाकलेली जाहिरात. रोज सकाळी मालकिणीचा फोन येई.

"पळालास?"

"पळालो की."

"किती?"

"तीन किलोमीटर. साडेतीन असेल."

आम्ही दोघं पलंगाखाली कोरडे ठणठणीत. पण बुटाची साक्ष कोण घेतो?

पण घ्यायची वेळ आली. या खेपेला बूट मीच साफ करणार, असं मालकिणीने फोनवर सांगून ठेवलं होतं. घरी परतायच्या आदल्या दिवशी मालक एका धान्यबाजारात काटे तपासून आला. तिथे एका व्यापाऱ्याने माप खोटं पडावं म्हणून काट्याच्या ताटलीखाली मेणाचा गोळा चिकटवला होता. मालकाने तो नखाने काढून व्यापाऱ्याच्या हातावर ठेवला आणि सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, असं फोनवर साहेबाला तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. फोन ठेवला, आम्हाला बाहेर काढलं, आमचे कोरडे, स्वच्छ सोल पाहिले आणि विचारात पडला. खोलीच्या गॅलरीत एक कुंडी होती. त्याने तिच्यातली माती चमच्याने काढली, पाण्यात कालवली आणि आमच्या सोलवर नीट फासली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी बूट आहे, मला लाज वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटली.

घरी मालकिणीने आम्हाला साफ करायला घेतलं. मला उलटं केलं, नखाने थोडी माती खरवडली, दोन बोटांत चुरडली आणि वास घेतला. तिचा हात थांबला. त्या मातीत काथ्याचा भुसा होता आणि हलके पांढरे दाणे होते. असं मिश्रण ती वीस वर्षं स्वतः कालवत आली होती. ते कुठल्याही रस्त्यावर सापडत नाही. बागवालीला कुंडीची माती रस्त्याची म्हणून खपवायला निघालेला माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या नशिबी आला होता.

"रस्ता कसा होता रे?" तिने विचारलं.

"मातीचा. तळ्याच्या कडेने जातो. मस्त आहे."

"माती छान आहे," ती म्हणाली. "पाणी धरून ठेवते. मुळं चांगली धरतील."

मालकाचे कान लाल झालेले मला खालूनही दिसले.

"मी ओरडणार नाहीये," ती म्हणाली. "बाबा खुर्चीत गेले तेव्हा चहा घेऊन मी आत आले होते. दोनदा हाक मारली मी त्यांना. मला परत तशी हाक मारायची नाही. मला भीती वाटते रे, रोज वाटते. तू तीन किलोमीटर म्हणालास की तेवढा दिवस ती कमी व्हायची. तेवढंही खोटंच होतं?"

तो म्हणाला, "दोनशे पावलांत दम लागतो मला. लोक बघतात. तुला काय सांगणार होतो?"

"दोनशेच सांगायचं. लोकांच्या काट्यावर काही ठेवायच्या आधी तू काय करतोस?"

"शून्य लावतो."

"मग आपलं शून्य कुठे आहे ते तरी खरं सांग."

पुढच्या गावी सकाळी फोन वाजला तेव्हा आम्ही मालकाच्या पायांत होतो.

"दोनशे पावलं," तो धापा टाकत म्हणाला. "मग चालत आलो."

"बरं," ती म्हणाली. "आता नाश्ता कर."

दुसऱ्या दिवशीही दोनशे. आठवड्याने अडीचशे. एका गावी पाऊस होता तेव्हा त्याने सरळ सांगितलं की आज शून्य, आणि ती तेव्हाही "बरं" म्हणाली. गोदामांच्या मागचे रस्ते, रुग्णालयाच्या भिंतीला लागून जाणारे, रेल्वेच्या रुळांशेजारचे, असे कितीतरी रस्ते मला माहीत झाले. एका गिरणीचा पहारेकरी त्याला रोज पाहायचा. एकदा त्याने विचारलंच, "साहेब, कोण मागे लागलंय?"

"बायको," मालक म्हणाला.

"मग थांबू नका," पहारेकरी म्हणाला.

वर्षाने तो पाच किलोमीटर न थांबता पळाला. त्याच सकाळी माझा सोल पुढून सुटला आणि जीभ काढल्यासारखा लोंबायला लागला. चांभाराने एकदा शिवून दिलं, ते चार महिने टिकलं. मग नवी जोडी आली. मालक आम्हाला लॉजच्या कचरापेटीत टाकणार होता. मालकीण फोनवर म्हणाली, "घरी आण. मला हवेत." बॅगेत आता दोन जोड्या झाल्या, शर्ट आणखी एक कमी झाला.

तिने आमच्यात माती भरली. काथ्याचा भुसा, पांढरे दाणे, तीच ती. रोपवाटिकेच्या फाटकाशी आम्हाला मांडलं. डाव्यात पुदिना लावला, माझ्यात सदाफुली. चहाच्या वेळी सगळे त्याच्याकडे वळतात. मला नुसती फुलं येतात, पण तक्रार नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू विनवणी करते की आम्हाला जपा. मी उलट सांगेन. बूट जपू नका. जपलेला बूट म्हणजे पालीचं घर. आम्हाला झिजवा, चिखलात घाला, फाडा. आणि घरी कोणी "किती पळालास?" म्हणून विचारत असेल, तर जो आकडा असेल तोच सांगा. ते माणूस आकड्यासाठी विचारत नसतं.

गेल्या महिन्यात मालकाला बावन्नावं वर्ष लागलं. त्या सकाळी तो गावाहून परतला आणि फाटकाशी नव्या बुटांचे तळ वर करून तिच्यापुढे धरले. तिने नखाने थोडी माती काढली, दोन बोटांत चुरडली, वास घेतला.

"रस्त्याची आहे," ती म्हणाली, आणि उरलेली चिमूटभर माझ्या सदाफुलीच्या बुडाशी टाकली.