रिकाम्या आकाशातला तारा

तेजल, माझी पुतणी, त्या दिवशी अशी पेटली होती, की तिच्याजवळ ठेवलेलं शहाळं आतल्या आत उकळलं. एडवणच्या आमच्या ओटीवर तिचे पीएचडीचे मार्गदर्शक खंडेरावसर आले होते. दोघांनी मिळून गॅमा किरण फेकणारा नवा तारा शोधला म्हणून दुसऱ्या दिवशी बोईसरच्या हॉलात सत्कार होता.

"सर, तो तारा नाहीच," तेजल म्हणाली.

"म्हंजे?" मी मध्येच तोंड घातलं.

"काका, ताऱ्याकडून आलेला गॅमा किरण हवेत शिरला की निळा उजेड चमकतो. दुर्बीण त्याचा फोटो काढते. पण आकाशातून प्रोटॉनही कोसळतात, एका गॅमामागे हजारो, आणि तेही चमकतात. गॅमाचा फोटो बोंबलासारखा सडपातळ, ताऱ्याच्या रोखाने ताणलेला. प्रोटॉनचा फिस्कटलेला. फिस्कटलेले टाकायचे, उरले ते मोजायचे. ही आमची चाळणी."

"मंग?"

"सरांनी चाळणीची भोकं मोठी केली! प्रोटॉन आत घेतले, गॅमा म्हणून मोजले."

"चाळणी किती ठेवायची ते अनुभवाने ठरतं," सर चहा फुंकत म्हणाले.

"मी तीच चाळणी रिकाम्या आकाशाला लावली, सर. जिथे काहीच नाही, तिथेही तुमचा तारा निघाला. तेवढाच तेजस्वी!"

सरांनी कप आपटला. "उद्या तोंड उघडलंस, तर तुझ्या प्रबंधावर माझी सही विसर."

आतून माई, तेजलची आई, आली. "आमच्या ओटीवर बसून आमच्याच पोरीला दम देता? उठा तुमी!"

माझं डोकं तर एवढं तापलं, की नाक्यावरच्या वडेवाल्याने त्यावर कढई ठेवून दोन घाणे काढले.

दुसऱ्या दिवशी तेजलने हॉलात माइक धरला. "तारा नाही. मी तपासलंय." बास. सर शाल टाकून चालते झाले.

लोक उलटे तिच्यावरच खवळले. सत्कार समितीचे पुंडलिकशेठ ओरडले, "अगो, बॅनर लागलाय! असू दे ना एक तारा. आकाशाला काय जड होतो?"

"तुम्हाला नाय होत," तेजल कडाडली, "शोधाच्या खाली नाव माझं हाय!"

सही मिळाली नाय. पोरगी नवा मार्गदर्शक शोधतेय. पुंडलिकशेठ अजून कुरकुरतात, एडवणचं नाव बुडवलं म्हणून. त्यांना मी सांगतो, शेठ, थापाच हव्या होत्या तर मला शाल घालायची. मी जन्मभर मारतोय, पण खाली पोरीची सही कधी मागितली नाय.