थांबा क्रमांक सहा, पंखा बंद

त्या शनिवारी मला चाळीस मिनिटांची शांतता हवी होती. दुपारी एक ते तीनच्या मध्ये, कधीही, पण सलग. पप्पा जेवायला घरी जातात आणि जेवून तासभर आडवे होतात. तेवढ्या वेळात संध्याकाळी भजनाला बसणाऱ्या गोविंदबुवांच्या पेटीच्या वरच्या सहा पट्ट्या लावून ठेवायच्या होत्या, आणि तेही पप्पांना कळू न देता.

पेटी म्हणजे हार्मोनियम. कल्याणला पारनाक्याच्या आतल्या गल्लीत आमचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. धोंडिबा पेटीवाले म्हटलं की मोहन्यापासून टिटवाळ्यापर्यंतची भजनी मंडळं ओळखतात. चौदा एप्रिलच्या आधी गायन पार्ट्यांच्या पेट्या दाराबाहेर ठेवाव्या लागतात, इतक्या येतात. चाळीस वर्षं पप्पा नुसत्या कानाने सूर लावतात. मी भौतिकशास्त्रात बीएस्सी झालो आणि एमएस्सीचं ठरेपर्यंत दुकानात बसायला लागलो.

पेटीच्या एका पट्टीखाली पितळेचे दोन सूर असतात, म्हणजे पातळ पात्या. दोघांची कंपनं जुळली तर एकच आवाज येतो. सेकंदाला तीन कंपनांचा फरक राहिला तर आवाज सेकंदाला तीनदा हलतो. पप्पा त्याला लहर म्हणतात आणि लहर त्यांना अजिबात खपत नाही. फेब्रुवारीत त्यांनी ‘झाली’ म्हणून बाजूला ठेवलेल्या एका पेटीत मला वरच्या पट्ट्यांवर लहर ऐकू आली. वाटलं, माझाच कान चुकतोय. फोनवर मोजलं. मग पुढची पेटी मोजली, मग त्यापुढची. खाली सगळं चोख, वरच्या सहा-सात पट्ट्यांवर दर वेळी चूक. सातव्या पेटीनंतर मी योगायोग हा शब्द सोडून दिला. पप्पांना वरचं नीट ऐकू येईनासं झालं होतं. आणि त्यांना ते माहीत नव्हतं, कारण जी लहर ऐकूच येत नाही ती उरली आहे हे त्यांना कळणार कसं?

सांगायची माझी हिंमत झाली नाही. बाहेर कळलं तर विषयच संपला. पेटीवाल्याचे कान गेले, ही बातमी सगळ्या मंडळांत पोचायला एक हरिनाम सप्ताह पुरतो. म्हणून पप्पा जेवायला गेले की मी वरचे सूर गुपचूप परत लावायचो. तीन महिने बरं चाललं होतं.

मग आली ‘सुरांचं कल्याण’ नावाची उन्हाळी यात्रा. एका सांस्कृतिक संस्थेने ठरवलं की सुट्टीत पाहुणे येतात, त्यांना आपलं गाणंवेडं शहर दाखवावं. पहाटे दुर्गाडीवर राग, सकाळी रियाजाच्या खोल्या, दुपारी काळ्या तलावाकाठी बासरी, संध्याकाळी भजन. संस्थेने एक फॉर्म पाठवला आणि तो मी भरला. चूक माझीच, हे आधी नोंदवून ठेवतो. ‘भेटीची वेळ’ या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘अकरा ते सहा’ लिहिलं. वाटलं, मे महिन्यात भरदुपारी कोण येणार! छापील पुस्तिकेत आमचा नंबर सहावा आला. ‘जिथे सूर जन्म घेतात. टीप : वातानुकूलित नाही.’ पप्पांनी ते पान टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

त्या दिवशी एक वाजता पप्पा निघाले. मी पंखा बंद केला. हे करावंच लागतं. पंख्याची पाती आवाज कापतात आणि नीट लागलेला सूरही थरथरल्यासारखा वाटतो. बाहेर एकोणचाळीस अंश होते. पेटी उघडली, पहिला सूर काढला, कानस हातात घेतली आणि गल्लीतून आवाज आला, “हॅलो, हॅलो, सगळे येतायत ना? पायरीला सांभाळा!”

मृणाल ही यात्रेची स्वयंसेविका. डोक्यावर केशरी टोपी, कमरेला छोटा स्पीकर, तोंडासमोर माइक. मागे बारा माणसं, गळ्यात नावांचे बिल्ले.

“मॅडम, तुमची वेळ तीनची आहे,” मी म्हणालो.

“हो रे, पण सगळे आधीच दमलेत. इथे सावली आहे ना,” ती माइकमधूनच म्हणाली.

“स्पीकर बंद कराल का?”

“सॉरी, सॉरी.” हेही माइकमधून.

राकेश असा बिल्ला लावलेले इंदूरचे एक गृहस्थ आत आले, कपाळ पुसलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा सुरू झाला.

“काका, पंखा बंद ठेवावा लागतो.”

“का बुवा? बिघडलाय?”

“नाही. आवाजावर परिणाम होतो.”

“मग आमच्यावर नाही का होत?” ते हसले, इतरही हसले. मी पंखा बंद केला. ते म्हणाले, “आमच्या सोसायटीत एकाकडे पेटी आहे. तो एसीत वाजवतो.”

पुढची पंचवीस मिनिटं मी पुढील प्रश्नांची उत्तरं दिली. ही किती जुनी आहे? ऑनलाइन मिळते का? काळ्या पट्ट्या कमी का? सिंथेसायझर आल्यावर तुमचं कसं चालतं? एका काकूंनी विचारलं, इथे उसाचा रस चांगला कुठे मिळतो. मी तो प्रश्न सगळ्यात मन लावून सोडवला, त्यांना नकाशा काढून दिला, आणि अर्धी मंडळी नकाशासकट गेली. राकेशकाकांनी कानस हातात धरून फोटो काढून घेतला. कानस त्यांनी उलटी धरली होती, पण मी काही बोललो नाही.

पावणेदोनला दुकान रिकामं झालं. मी घाम पुसला आणि पहिली पट्टी लावली. उरल्या पाच. दुसऱ्या पट्टीचा सूर चिमट्यात धरला तेवढ्यात मृणालची टोपी परत दिसली. आता मागे वीस माणसं होती.

“अरे, बासरीचा कार्यक्रम कॅन्सल झाला. बासरीवाले म्हणाले, तलावावर ऊन आहे, बासरी तापते. दुसरा ग्रुपपण तिथेच अडकलेला. तर तासभर तुझ्याकडे बसवू का सगळ्यांना?”

“तासभर?”

“मग चारला गरम भजी आहेत, पाचला विश्रांती. सातला गोविंदबुवांचं भजन.”

“मॅडम, गोविंदबुवांची पेटी ही आहे. ही. उघडी. तुम्ही इथे बसलात तर सातला भजन बेसूर होईल.”

“अय्या, हीच का ती?” मृणाल म्हणाली आणि मागे वळून माइकमध्ये ओरडली, “ऐका सगळे! संध्याकाळी जी पेटी ऐकणार ना, ती हीच!”

वीस फोन वर आले. माणसं पायरीवर, स्टुलावर, जुन्या भात्यांच्या गठ्ठ्यावर बसली. कुणीतरी पंखा लावला. मी बंद केला. कुणीतरी परत लावला. कोल्हापूरच्या अमृताताई, लहान मुलांना गाणं शिकवणाऱ्या, तेवढ्या एकट्या शांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, ते सांगतायत ना, लावू नका.” मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

अडीच वाजले. मी मनात हिशेब केला. पाच पट्ट्या, प्रत्येकी सहा मिनिटं, तीस. पप्पा तीनला येणार. अजूनही जमलं असतं, सगळ्यांनी एकाच वेळी तोंडं मिटली असती तर.

पप्पा पावणेतीनला आले. गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं असणार, दुकानात गर्दी आहे म्हणून. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि केस ओले करून विंचरले होते. झोप त्यांनी सोडली होती. एवढं खूश मी त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

“बसा, बसा. सम्यक, पाणी दिलंस का पाव्हण्यांना? सरक जरा.”

“पप्पा, ही पेटी झालीय. दुसरी दाखवा ना. त्या जुन्या पेटीचा भाता दाखवा.”

“झालीय तर का उघडलीस?” त्यांनी माझ्या जागेवर मांडी घातली. “सूर कसा लागतो ते बघायला आलीत माणसं. भाता काय बघायचा?”

पंखा त्यांनी स्वतः बंद केला. एवढा वेळ मी तीस वेळा सांगून जे झालं नव्हतं ते झालं. सगळे चिडीचूप. पप्पांनी खालच्या सप्तकातली एक पट्टी मुद्दाम बिघडवली, लहर ऐकवली, कानशीचे दोन हात मारून ती लावून दाखवली. टाळ्या पडल्या. राकेशकाका म्हणाले, “वा! आता सगळ्यात वरचा दाखवा, कठीणवाला!”

पप्पांनी वरून तिसरी पट्टी दाबली. ती मी लावलेली नव्हती. त्यांनी सूर काढला, टोकावर हलकी कानस फिरवली, बसवला, भाता ओढला. “ऐका. दोन सूर, पण आवाज एक.”

आवाज हलत होता. सेकंदाला साधारण तीनदा. मी जमिनीकडे बघत राहिलो.

“काका,” अमृताताई म्हणाल्या, “अजून हलतंय का थोडं? की मलाच वाटतंय?”

“अहो मॅडम, चाळीस वर्षं झाली त्यांना,” राकेशकाका म्हणाले.

पप्पांनी पुन्हा भाता ओढला. कान पेटीजवळ नेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “सम्यक, हलतंय?”

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणू शकलो असतो. पण पप्पांनी मला आयुष्यात सुरांबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

“हो.”

“किती?”

“सेकंदाला तीनदा.”

त्यांनी शेजारची पट्टी दाबली, मी मघाशी लावलेली. “ही?”

“ही बरोबर आहे.”

त्यांनी तिचा सूर बाहेर काढला आणि दारातल्या उजेडात धरला. कान गेले असतील, डोळे शाबूत होते. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. “हा ओरखडा आडवा आहे. माझा नाही.”

“माझा आहे.”

“कधीपासून?”

“फेब्रुवारीपासून.”

“सगळ्या पेट्या?”

“वरच्या पट्ट्या फक्त. खालचं सगळं तुमचंच.”

मृणालने इतक्या वेळात पहिल्यांदाच माइक तोंडापासून दूर केला होता. पप्पांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता मारतात, पाव्हण्यांसमोर.

“आणि मी त्या गोविंदाला चारचौघांत बोललो!” ते ओरडले. “एप्रिलमध्ये! पेटी तपासायला आणली तर आत आडवे ओरखडे. मी म्हटलं, माझी पेटी दुसऱ्याकडून उघडून घेतोस, लाज नाही वाटत? तो शपथा घेत होता. तुझ्यासमोर! तू तिथे स्टुलावर बसलेलास!”

“मी चहा आणायला गेलेलो.”

“चहा आणायला!”

हे खरंच मला माहीत नव्हतं. परत आलो तेव्हा बुवा निघून गेले होते, आणि पप्पा गप्प का, हे मी विचारलं नव्हतं. तीन महिने मी कंपनं मोजत होतो. ओरखडा कुणी बघेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गोविंदबुवा पाचला यायचे होते, ते सव्वातीनलाच आले. खांद्यावर उपरणं, मागे रिक्षा उभी. पायरीवरच्या माणसांना ओलांडत म्हणाले, “काय रं धोंडिबा, जत्रा भरवलीस का? पेटी जाली का नाय?”

पप्पा उठून उभे राहिले. मी तोंड उघडलं, त्यांनी हाताने गप्प केलं.

“गोविंदा, एप्रिलमध्ये तुला बोललो ते चुकीचं होतं. पेटी कुणी उघडली नव्हती. हात याचा होता.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. “मंग मी काय सांगत व्हतो तुला? पोरांची शपथ घातली तरी आयकला नाय!”

“मला वरचं ऐकू येत नाही, गोविंदा. आत्ता कळलं. हा लावत होता.”

आता कुणी फोनही वर केला नाही. हे वाक्य बाहेर पडू नये म्हणून मी तीन महिने दुपारचं जेवण गार खाल्लं होतं, आणि पप्पांनी ते वीस परक्या माणसांसमोर आणि शहाड-मोहन्याच्या सगळ्यात बोलक्या बुवासमोर एका दमात सांगून टाकलं होतं.

बुवा स्टुलावर टेकले. “पाडव्याला नेली ती पेटी पन यानंच लावली?”

“वरची,” मी म्हणालो.

“बरी व्हती.” त्यांनी उपरण्याने मान पुसली. ते अजून रागातच होते, पण तो राग वेगळ्याच गोष्टीचा होता. “पन शपथ आयकली नाय ना तू माझी. ते मी इसरनार नाय. मना साताला बसाचा हाय. किती पट्ट्या रायल्यात?”

“चार, आणि ही एक बिघडलेली,” मी म्हणालो.

“मंग लाव ना! तोंड काय बघतंस?”

मृणाल हळूच म्हणाली, “भजीची वेळ होतेय, निघूया का?” कुणीच उठलं नाही. राकेशकाकांनी तिला ‘श्श’ केलं.

पप्पा सरकले, पण उठले नाहीत. अर्धी जागा त्यांनी मला दिली, अर्धी स्वतःकडे ठेवली. गुडघ्याला गुडघा लागत होता. भाता त्यांच्या हातात, कानस माझ्या.

“बीएस्सी झालास ना?” ते दात आवळून म्हणाले. “आडवा ओरखडा पडला की पितळ तिथेच तडकतं, एवढंही शिकवलं नाही? एकूण किती पेट्या?”

“एकवीस.”

“एकवीस! सोमवारपासून एकेक परत मागवायची. सगळ्यांना मी सांगणार, का ते. तू फक्त यादी काढ.”

“पप्पा, पण...”

“यादी काढ. आता लाव.”

मी सूर चिमट्यात धरला.

“उभा,” पप्पा म्हणाले. मी अजून कानस टेकवलीही नव्हती.