सहा बटणांचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. नेमका किती जुना, हे सांगणे कठीण. मी स्वतःला कधी मोजलेले नाही, आणि न मोजलेल्या गोष्टीविषयी ठामपणे बोलण्याची मला सवय नाही. सध्या मी एका रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखोलीच्या दाराशी उभा असतो. माझ्यावर चादरींची गाठोडी चढतात आणि उतरतात. दुपारी यंत्रांची घरघर लागते, वाफेचे ढग माझ्या तबकडीवरून सरकतात आणि मला वरच्या मजल्यावरची ती खोली दिसू लागते. याला स्वप्न म्हणतात की नाही, मला माहीत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडाचा रुंद फलाट, त्याला चाकाची खुर्ची चढेल असा उतार, आणि छातीवर पांढरी तबकडी. एका चष्मेवाल्या निरीक्षकाने माझ्यावर प्रमाणित वजने ठेवली, काढली, पुन्हा ठेवली, आणि म्हणाला, "खरा आहे." आयुष्यात मला मिळालेली ही पहिली आणि सर्वांत मोठी शाबासकी.

माझी नेमणूक डायलिसिसच्या खोलीत झाली. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांचे रक्त तिथे यंत्रातून गाळले जाई. अशा माणसांच्या अंगात प्यालेले पाणी साठून राहते. म्हणून यंत्राला जोडण्यापूर्वी प्रत्येकाने माझ्यावर यायचे; मागच्या खेपेला घरी जाताना भरलेल्या वजनापेक्षा जितके जास्त, तितके पाणी यंत्राने काढायचे. मी दोन किलो जास्त दाखवले तर दोन लिटर. माझ्या चुकीला तिथे जागा नव्हती.

चार तास सगळे पडून असत. खिडकीतला उन्हाचा चौकोन फरशीवरून भिंतीवर चढे, यंत्रे एका सुरात गुणगुणत, आणि एकेकाची पापणी जड होई. त्या खोलीत बहुतेकांना पाण्याची स्वप्ने पडत. हे मी जागे झालेल्यांच्या तोंडून ऐकले आहे. कुणी विहिरीत उतरलेला असे, कुणी नळाखाली ओंजळ धरून बसलेला. जागेपणी मात्र घोट मोजावा लागे.

आठवड्यातून तीनदा तिथे एक आई आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला घेऊन येई. मुलीच्या पायांत बळ नव्हते आणि तिची समज जन्मापासून सावकाश चालणारी होती. तिला वजाबाकी येत नसे. आई शर्टांना काजे-बटणे करी. तिने मुलीसाठी एक युक्ती काढली होती. सकाळी वाडग्यात सहा बटणे ठेवायची. एक छोटी वाटी पाणी प्यायले की एक बटण डबीत टाकायचे. वाडगा रिकामा झाला की त्या दिवसाचे पाणी संपले. मुलगी ती डबी बरोबर बाळगी, म्हणून सगळे तिला बटणताई म्हणत.

शेजारच्या खाटेवर बँकेतले एक साहेब असत. मोठे विनोदी गृहस्थ. माझ्यावर चढताना पोट आत घेत आणि म्हणत, "सिस्टर, हा काटा माझ्यावर डूख धरून आहे."

"काटा डूख धरत नाही, साहेब. काल काय काय प्यालात ते सांगा," मोठ्या सिस्टर म्हणत. त्या खोलीच्या प्रमुख होत्या.

"लग्न होतं हो मेव्हण्याचं! सरबताला नाही कसं म्हणायचं?"

"साहेब, बटण घे," बटणताई खुर्चीतून अगदी गंभीरपणे डबी पुढे करी. साऱ्या खोलीत हसू फुटे, आणि साहेबांचे सर्वांत मोठे.

साहेब साडेचार किलो जास्त घेऊन येत. बटणताई दीड. कधी एक किलो सहाशे. चार वर्षांत दोन किलोंच्या वर एकदाही नाही. मी मत देत नाही, मित्रांनो, नोंद सांगतो.

पुढे बटणताईच्या हातातल्या शिरा दमल्या. सुया टोचायला जागा उरेना. दुसऱ्या कुणाचे मूत्रपिंड मिळाल्याशिवाय आता फार दिवस निघणार नव्हते. आईचे स्वतःचे जुळत नव्हते, म्हणून तिने प्रतीक्षायादीसाठी अर्ज केला. साहेबांचे नाव त्या यादीत आधीच होते. रुग्णालयाच्या समितीचे उत्तर आले. आईने ते माझ्या शेजारी उभे राहून मोठ्याने वाचले: "रुग्ण बौद्धिकदृष्ट्या अक्षम. पथ्य व औषधे पाळणे संभवत नाही. प्रतीक्षायादीसाठी अयोग्य."

"म्हणजे काय गं?" बटणताईने विचारले.

"म्हणजे काही नाही बाळा. चल, वजन करू."

त्याच महिन्यात एक गोष्ट घडली. मोठ्या सिस्टर रजेवर होत्या आणि नव्या सिस्टर बदलीवर आल्या होत्या. आई औषधे आणायला खाली गेली होती. नव्या सिस्टरांनी खुर्ची माझ्यावर चढवली, पाठीवरच्या पट्टीवर लिहिलेले खुर्चीचे वजन वजा केले आणि आकडा यंत्रात भरू लागल्या.

"पिशवी," बटणताई म्हणाली.

"हो हो, देते हं पिशवी नंतर."

"पिशवी. पिशवी काढ." तिने हात आखडून घेतला. सुई टोचू देईना.

"किती हट्ट करायचा! लहान आहेस का आता?"

खाटेवरून साहेब ओरडले, "अहो सिस्टर, तिची खुर्ची बघा आधी! ती उगीच बोलत नाही."

खुर्चीच्या मागे आईची शिवणाची पिशवी लटकत होती. आत दहा शर्ट. ती काढल्यावर मी दोन किलो तीनशे ग्रॅमने खाली आलो. यंत्राने तितके पाणी जास्त ओढले असते, तर रक्तदाब कोसळला असता. पुढचे काय झाले असते, ते मी न मोजलेलेच बरे. नव्या सिस्टरांनी यंत्रातला आकडा पुसून नवा भरला. मग त्यांनी ती हकिकत नोंदवहीत लिहिली, स्वतःची चूक न झाकता. मला त्यांचा आदर वाटतो.

परतल्यावर मोठ्या सिस्टरांनी ते पान वाचले आणि समितीच्या डॉक्टरांना खोलीत बोलावून घेतले. चार वर्षांची वही त्यांनी माझ्या फलाटावर ठेवली. सातशे ग्रॅम भरली. मग वहीच्या जोडीला समितीचे पत्र ठेवले; काटा हललाही नाही.

डॉक्टरांनी आकडे पाहिले. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. "आकडे चांगले आहेत. पण पथ्य तिची आई पाळते, ती नव्हे."

"साहेबांचं पथ्य त्यांच्या पत्नी पाळतात, जमेल तेवढं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "त्यांच्या अर्जात तुम्ही त्याला 'कुटुंबाचा उत्तम आधार' लिहिलंय. हिच्या अर्जात तेच 'असमर्थता' झालंय."

"ऐका, डॉक्टर," साहेब खाटेवरून म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "मला यादीत घेताना माझं पथ्य कुणी तपासलं नाही."

मग आई बोलली. "माझी मुलगी हुशार आहे असं मी म्हणतच नाही. त्या दिवशी तिला पिशवी दिसली नसती, तरी तिला जगायचंच होतं ना? हुशारीची परीक्षा बाकी कुणाची घेता का तुम्ही?"

डॉक्टरांनी वही पुन्हा उघडली. उन्हाचा चौकोन बोटभर सरकला. मग त्यांनी वहीच्या प्रती मागितल्या. दोन महिन्यांनी बटणताईचे नाव यादीत लागले.

वर्ष गेले. खोलीत नवा विद्युत काटा आला. तो खुर्चीचे वजन आपणच वजा करी. मला खाली आणले. वर कोण येते, कोण येत नाही, हे कळेनासे झाले. तिथे एखादे माणूस येईनासे झाले, तर त्याचे अर्थ दोनच असतात: मूत्रपिंड मिळाले, नाही तर माणूस गेले. चादरी तोलताना मी कित्येक दुपारी त्या दोन अर्थांमध्ये लोंबकळत राहिलो.

आणि एका दुपारी वाफेतून ओळखीच्या चाकांचा आवाज आला. मला वाटले, स्वप्न आहे. पण स्वप्नाने फलाट दबत नाही, आणि माझा दबला.

"आधी पिशवी काढ," बटणताई म्हणाली.

"काढली गं बाई!" आई हसली. "नव्या मूत्रपिंडाच्या तपासणीला आलो होतो. कधीची मागे लागलीये, जुन्या काट्यावर जायचं म्हणून. आता डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी पी."

बटणताईच्या हातात पाण्याची बाटली होती. झाकण उघडून तिने सवयीने डबी चाचपली.

"बटण नाही लागत आता, बाळा."

ती प्याली. थांबली, आईकडे पाहिले, पुन्हा प्याली. बाटली रिकामी झाली. बाटलीतले पाणी पोटात गेल्याने फलाटावरचा भार बदलत नाही, त्यामुळे काटा हलण्याचे कारण नव्हते. तो हलला नाही. अर्धा लिटर पाणी, आणि त्यातले काढून घेणारे आता कुणी नव्हते.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. माझ्या तबकडीवरची वाफ पुसत जा आणि अधूनमधून मला शून्यावर आणा. आणि उद्या एखाद्या माणसाला तोलण्याचे काम तुमच्याकडे आले, तर आकडा लिहिण्यापूर्वी त्याच्या खुर्चीमागे जाऊन या. तिथे दुसऱ्याच कुणाची पिशवी लटकत असेल. ती काढायला सांगणारी बटणताई दर वेळी तिथे असेलच असे नाही.