साउंडची वायर

गुलाबरावांच्या पिकअपचं स्टिअरिंग माझ्या गॅरेजात एका बोटानं फिरत होतं. वरातीत मात्र ते मध्येच दगडासारखं घट्ट होतं, असं त्यांचं म्हणणं. मी फ्यूज पाहिला, बॅटरी तपासली. सगळं ठीक होतं.

"वरातीतच काऊन? रोज काऊन नाही?" मी वैतागून विचारलं.

"वरातीत साउंड लागतो न, जब्बारभाई."

मी व्होल्ट मोजायचा मीटर लावला आणि त्यांना साउंड सुरू करायला सांगितलं. ढोलाचा ठेका पडला की आकडा घसरायचा आणि स्टिअरिंग माझ्या हातात जड व्हायचं. डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तर साउंडची वायर थेट स्टिअरिंग हलकं करणाऱ्या मोटरच्या वायरीवर जोडलेली. साउंड सगळा करंट ओढून घेत होता. सरळ रस्त्यावर निभावतं. घाटाच्या वळणावर गाडी दरीतच जायची.

"कोण्या गाढवानं जोडलं हे?"

गुलाबराव म्हणाले, "तुम्हीच तं जोडलं, मागच्या महिन्यात."

कालच मी शेजारच्या रवीच्या पिकअपला अशीच वायर जोडली होती. आज सकाळी तो वऱ्हाड घेऊन सातपुड्याच्या घाटाकडे निघाला होता. मैत्रिणीचं लग्न म्हणून माझी मुलगी नाजिशही त्याच गाडीत बसली होती.

फोन लावला. बऱ्याच वेळानं रवीनं उचलला.

"रवी, आधी साउंड बंद कर."

"जोरानं बोला न, चाचा," तो म्हणाला. "साउंडमुळं काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं."