आखूड पाइप

आपल्या भाड्याच्या गाडीला ब्रेकचा नवा रबरी पाइप बसवतानाच पुंजारामला तो आखूड वाटला होता. काढलेला जुना शेजारी धरून पाहिला, तर चांगला बोटभर कमी. पण नगरच्या छगनशेठनं आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ठासून सांगितलं होतं, "वीस वर्षांची गाडी तुझी. आता बहात्तर साली तिचा असली माल कुठून आणू? हाच बसतो." आणि बसलाही. चाकं सरळ असेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या रंगुबाईला तो इस्पितळातून घरी न्यायला निघाला. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. शहराबाहेरच्या वळणावर त्यानं स्टेरिंग पुरतं फिरवलं, तसा पाइप चाकाबरोबर ताणला जाऊन फाटला. ब्रेकवरचा पाय थेट तळाला गेला. हँडब्रेक ओढेस्तोवर गाडी रस्त्याकडेच्या चारीत उतरून बाभळीला थडकली. म्हातारीचं कपाळ फुटलं. पट्टीआडून तिनं विचारलं, "आलं का रं बेलापूर?"

पुंजारामचं डोकं फिरलं ते तिथं.

टांग्यानं त्यानं तिला परत इस्पितळात नेलं. कपाळाला टाके पडले, डोळे शाबूत होते. मग नुसत्या हँडब्रेकवर, बैलाच्या चालीनं, चारीतून ओढून काढलेली गाडी छगनशेठच्या दारात आणली. तसलाच दुसरा पाइप उचलून तिथंच बसवला आणि गाडीचं दार उघडलं.

"बसा शेठ. बाजारातनं एक चक्कर मारू."

"मला काय काम गाडीत?"

"तुमी म्हनता ना, बसतो. मंग तुमीबी बसा. वळनं मी जोरात घेतो."

छगनशेठ हसला, पण जागचा हलला नाही. भोवती माणसं जमायला लागली तसा खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, मालच तसा आला. मी काय करू?"

"म्हंजी तुमाला ठावं हुतं."

शेठ वळून दुकानात शिरला.

पुंजारामनं फळीवरचा खोका ओढला, गल्ल्याजवळची पत्र्याची कात्री घेतली आणि एकेक पाइप मधोमध कापत सुटला. अकरा होते. शेठनं एकदा हात पुढं केला नि मागं घेतला. प्रत्येक कापाला पुंजारामचा राग वाढतच होता, कारण पाइप आखूड आहे हे त्यानंही पाहिलं होतं.

रंगुबाई एसटीनं घरी गेली. गाडी तीन आठवडे उभी राहिली. शेवटी केडगावच्या एका भंगारवाल्याकडं तसल्याच मोडक्या गाडीचा पाइप मिळाला. तो बसवून, चाकं दोन्हीकडं पुरती वळवून पुंजारामनं चारदा तपासला. तरी बेलापूरच्या पहिल्या भाड्याला प्रत्येक वळणाआधी त्यानं ब्रेक दाबून पाहिला.